विंचवाचं बिऱ्हाड आणि अडतीस दिवस



जून उजाडला की आमच्या हापिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे अप्रेझलची कुरकुर संपते, आणि दुसरी म्हणजे नवीन जॉइन झालेली पोरं येऊन विचारतात, "दादा, ट्रेकला येतोय, काय काय घेऊ बरोबर?" माझ्याकडे त्यासाठी एक एक्सेल शीट आहे. तीन टॅब: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. चार-पाच वर्षं तीच फिरतेय. लोक ती बघतात, मान डोलावतात आणि शनिवारी पहाटे कोकणे चौकात येतात तेव्हा पाठीवर फ्रीज घेतल्यासारखे दिसतात.

यंदा म्हटलं शीट नको, गोष्ट सांगू. गोष्ट खरी आहे, इतिहासातली आहे, आणि त्यात माझाही एक लाजिरवाणा भाग आहे. तो आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही सहा जण पन्हाळा ते पावनखिंड चालायला गेलो होतो. दरवर्षी आषाढात शेकडो लोक ही वाट चालतात, बऱ्याच संस्था मोहिमा काढतात. आम्ही आपले आपणच गेलो, कारण आपण इंजिनियर, आपल्याला सगळं येतं! निघायच्या आदल्या रात्री खालच्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला माझी सॅक अडकवून बघितली. साडेचौदा किलो. मला तर अभिमानच वाटला. तंबू, स्लीपिंग बॅग, दोन जीन्स (हो, पावसाळ्यात जीन्स. दोन.), जादाचे बूट, डबे, पॉवर बँक दोन, आणि तीन लिटर पाणी. ज्या वाटेवर आभाळ फाटल्यासारखं पाणी पडत असतं तिथे मी पिंपळे सौदागरहून महापालिकेचं पाणी वाहून नेत होतो.

मसाई पठारावर वारा लागला, रेनकोट फाटला, सॅकच्या आत पाणी गेलं आणि साडेचौदाचे किती झाले देव जाणे. करपेवाडीच्या आसपास माझे गुडघे संपले. तिथे एक काका भेटले, साठीच्या पुढचे. डोक्यावरून घोंगडीची खोळ, हातात काठी, बाकी काही नाही. माझ्याकडे आणि सॅककडे बघून म्हणाले, "काय ओ पावनं, बिऱ्हाड बदलताय काय?"

आम्ही हसलो. मग मीच विचारलं, पांढरपाण्यापर्यंत सॅक घ्याल का, पैसे देतो. त्यांनी घेतली. पुढे एका ओढ्यात, जो एरवी ते झोपेतही ओलांडत असतील, त्यांचा पाय सरकला. एकट्याने सरकला असता तर काठी टेकून उभे राहिले असते. पण पाठीवरच्या वजनानं त्यांना मागे खेचलं आणि ते छातीभर पाण्यात गेले. माझ्या मित्रानं सॅकचा पट्टा धरला म्हणून थांबले. काका बाहेर आले, घोंगडी पिळली, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "तुमची बॅग भिजली ओ."

त्या बॅगेत माझ्या दोन जीन्स होत्या. त्या अख्ख्या ट्रेकमध्ये मी त्या बाहेरही काढल्या नाहीत.

असो. तर त्या प्रसंगानंतर मला एक नाद लागला. याच वाटेवरून, याच पावसात पूर्वी लोक काय घेऊन गेले असतील? मी काही इतिहासकार नाही. शनिवार-रविवारी वाचतो, बस्स. पण वाचता वाचता एक जोडी सापडली आणि मी उडालोच.

पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. अंदाज असा की पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडेल. तो पडला नाही, जौहर पावसाची तयारी करूनच बसला होता. शेवटी १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, शिवाजी महाराज सुमारे सहाशे माणसं घेऊन गडावरून उतरले. पालखी, भोई आणि बांदल देशमुखांचे मावळे. दुसरी पालखी शिवा काशिदांची, शत्रूला चकवायला. घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले, आणि १३ तारखेला महाराज विशाळगडाच्या पायथ्याचा सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडून वर पोचले. एक रात्र आणि एक दिवस.

(इथे एक किडा. या तारखा जुन्या, ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत. आजच्या कॅलेंडरप्रमाणे दहा दिवस पुढे घ्या, म्हणजे जुलैचा तिसरा-चौथा आठवडा. ज्यांनी तेव्हा पन्हाळ्यावर पाऊस बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.)

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बेचाळीस वर्षांनंतरची. डिसेंबर १७०१ पासून औरंगजेबाचं सैन्य विशाळगडाला, म्हणजे खेळण्याला, भिडलं होतं. तिथे जायला आंबा घाटाचा रस्ता आधी दुरुस्त करावा लागला. फत्तेउल्लाखानाच्या हाताखाली दगडफोडे आणि मजूर कामाला लावले होते. गड काही लढून पडेना. शेवटी जून १७०२ मध्ये परशुरामपंतांनी दोन लाख रुपये घेऊन गड खाली केला. बादशहानं त्याचं नाव 'सख्खरलना' ठेवलं, आणि १० जूनला परत निघाला. जायचं कुठे? पन्हाळ्याकडे.

अंतर साधारण तीस मैल. लागलेले दिवस अडतीस. १७ जुलैला ते पन्हाळ्याच्या परिसरात पोचले.

मी गणित केलं. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर, भागिले अडतीस. दिवसाला सव्वा किलोमीटर. म्हणजे मी सोसायटीतून दूध आणि कोथिंबीर आणायला जाऊन येतो तेवढं. हिंजवडीचं ट्रॅफिकसुद्धा यापेक्षा बरं.

आता लगेच कोणी म्हणेल की वाट तीच नव्हती. बरोबर. बादशाही लवाजमा मसाई पठाराच्या पायवाटेनं जाणं शक्यच नव्हतं, तो आंबा-मलकापूरच्या बाजूनं आला. आणि एक पळत होता, दुसरा परतत होता, हेही मान्य. पण टोकं तीच, डोंगर तेच, ओढे त्याच कुळातले आणि महिना जवळजवळ तोच. फरक सामानाचा. बेंचमार्क म्हणून इतकी स्वच्छ टेस्ट केस इतिहासात क्वचित मिळते :-)

सामान म्हणजे किती? विशाळगडच्या छावणीचा आकडा मी देत नाही, पण सात वर्षं आधी, मार्च १६९५ मध्ये, जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगल्याला औरंगजेबाची छावणी बघून गेला. त्यानं लिहिलंय की छावणीचा घेर तीस मैल, माणसं पाच लाख, बाजार अडीचशे, उंट पन्नास हजार, हत्ती तीन हजार. ऐकीव आकडे फुगलेले असणार, निम्मे धरा. निम्मे धरले तरी ते चालतं-फिरतं शहर होतं, आणि शहर डोंगरात नेता येत नाही.

मुघलांच्या प्रवासाची व्यवस्था मात्र सपाटीवर अफलातून होती, हे कबूल करायला हवं. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो मुक्कामाला असे तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. त्याला पेशखाना म्हणत. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला तेव्हा फ्रेंच वैद्य बर्निये त्याच्या लवाजम्यात होता. त्याच्या हिशेबानं या तंबूंच्या वाहतुकीला साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर चालू आणि एक स्टँडबाय, डाउनटाइम शून्य. फक्त नेटवर्क चांगलं पाहिजे. म्हणजे रस्ता.

या बर्नियेवर माझा जीव आहे, कारण त्यानं स्वतःच्या सामानाची यादी लिहून ठेवलीये. बादशाही लवाजम्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पगारदार माणसानं काय भरलं होतं? दोन घोडे, एक उंट, उंटवाला, मोतद्दार, आचारी, पाण्याचं भांडं घेऊन चालणारा एक नोकर. तंबू, सतरंजी, वेताच्या काठ्यांचा घडीचा पलंग, उशी. तांदूळ, बडीशेप घातलेली गोड बिस्किटं, लिंबं आणि साखर. आणि एक कापडी पिशवी, तिला छोटा लोखंडी आकडा. कशाला? तर दही टांगून पाणी काढायला. म्हणजे चक्का! हा गडी काश्मीरला जाताना चक्क्याचं फडकं घेऊन निघाला होता, कारण उन्हाच्या त्रासावर दही आणि लिंबाचं सरबत यासारखं दुसरं काही नाही असं त्याचं मत होतं. माझ्या एक्सेलच्या उन्हाळ्याच्या टॅबमध्ये लिंबू-साखर-मीठ आहेच. चक्का वाढवावा का, विचार चालू आहे.

तर असं हे शहर जून १७०२ मध्ये आंबा घाटाच्या माथ्यावरच्या पावसात सापडलं. ओढे फुगले, उतार होईपर्यंत थांबायचं, एक पार केला की पुढे दुसरा. उंटाची तर गोष्टच सोडा. त्याचा पाय वाळूसाठी बनलेला, सह्याद्रीच्या लाल चिखलात तो फताडा पाय सरकला की तंगड्या फाकतात आणि जनावर उठत नाही. हत्ती चिखलात रुतत होते. जनावरं मेली तसं सामान माणसांच्या डोक्यावर आलं. धान्य महागलं, चारा आणि सरपण मिळेना. मोठमोठे सरदार चिखलातून पायी चालले.

आणि स्वतः बादशहा? त्याचं वय तेव्हा त्र्याऐंशी. गुडघा आधीच गेलेला. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ट्रेकर म्हणून ती माहीत असायलाच हवी. ऑक्टोबर १७०० मध्ये छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. सांगोला तालुका, म्हणजे दुष्काळी पट्टा. कोरडं पात्र बघून लोकांनी तिथेच तंबू ठोकले. वर कुठेतरी पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. गोंधळात औरंगजेब घसरून पडला आणि उजवा गुडघा निखळला, तो जन्मभर लंगडत राहिला. कोरड्या पात्रात तंबू लावू नये हे कुठल्याही ट्रेकिंगच्या शिबिरात पहिल्या दिवशी सांगतात. हिंदुस्थानच्या बादशहाला सांगणारं कोणी नव्हतं, किंवा सांगायची हिंमत नव्हती. (आमच्या काही प्रोजेक्टांमध्येही अशीच परिस्थिती असते, पण ते पुन्हा कधीतरी.)

पण मला त्या अडतीस दिवसांतलं खरं टोचतं ते वेगळंच. बादशहा पोचला. तो पुढे पाच वर्षं जगला. त्या ओढ्यांमध्ये गेले ते हमाल, भिस्ती, गवत कापणारे, बाजारबुणगे आणि त्यांच्या बायकापोरं. ज्यांचं त्या सामानात स्वतःचं असं एक गाठोडंही नव्हतं. करपेवाडीच्या काकांना ओढ्यात जाताना बघितल्यापासून हे वाचताना मला नीट बसवत नाही.

आता उलट बाजू. मावळे इतके हलके कसे फिरायचे? आपल्याकडे याचं उत्तर 'काटक होते' एवढंच देतात. काटक होतेच हो. पण काटक माणसालाही भूक लागते, घोड्याला चारा लागतो. खरं उत्तर मला सभासदाच्या बखरीत सापडलं. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली. त्यात लष्कराचा वर्षाचा शिरस्ता दिलाय. पावसाळ्यात लष्करानं आपल्या मुलखात छावणीला यायचं, तिथे दाणा, चारा, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार ठेवायची. दसरा झाला की मुलूखगिरीला कूच करायचं. आणि निघताना लहानथोर प्रत्येक माणसाजवळच्या चीजवस्तूंची यादी करायची! परत आल्यावर त्या यादीशी ताडून बघायचं. जादा काही निघालं तर ते सरकारात जमा किंवा पगारातून वळतं. लष्करात बायका, कलावंतिणी, बटकी न्यायला बंदी.

म्हणजे पॅकिंग लिस्ट, तीही ऑडिटसकट. हेतू अर्थातच लूट लपवू नये हा होता, सॅक हलकी राहावी हा नव्हता. पण ज्याला माहीत आहे की परत आल्यावर गाठोडं उघडून बघणार आहेत, तो जाताना चार गोष्टी कमीच भरतो.

दुसरं म्हणजे मावळ्याचं ओझं नाहीसं झालं नव्हतं, ते फक्त त्याच्या पाठीवर नव्हतं. ते गडावर होतं. एका गडावरून निघायचं आणि दुसऱ्या गडावर पोचायचं, तिथे धान्याचं कोठार आहे, पाण्याची टाकी आहेत, दारूगोळा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१६ च्या सुमारास) गड बांधायच्या आधी पाणी बघा असं बजावलंय. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी खोदा, आणि एका झऱ्यावर विसंबू नका, कारण तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. वाचताना मला चक्क कॅशिंग आठवलं. डेटा जिथे लागणार तिथे आधीच नेऊन ठेवायचा, मग प्रवासात फार काही वाहावं लागत नाही. पन्हाळ्याहून निघालेल्या सहाशे जणांना महिनाभराची शिधा नको होती. विशाळगडाच्या दरवाजापर्यंत पुरेल एवढंच हवं होतं.

आणि ही साठवण नीट राहावी म्हणून महाराज किती बारीक बघायचे याचं एक पत्र आहे, चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पावसाच्या तोंडावर लिहिलेलं. त्यातला मतलब असा: छावणीसाठी दाणा-वैरण जमवली आहे, ती आत्ता उधळलीत तर ऐन पावसात मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग तुम्ही रयतेकडून हिसकावून घ्याल, आणि रयतेला मुघल बरे असं वाटेल. पुढे तर आगीबद्दल आहे. गवताच्या गंजीजवळ चूल नको, रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. उंदीर! राज्याभिषेकाच्या आगेमागे, डोक्यावर शंभर कामं असताना हा माणूस उंदरानं वात नेण्याचा विचार करतोय. आमच्याकडे प्रॉडक्शनला जाण्याआधी रिस्क रजिस्टर भरतात, त्यात इतकी प्रामाणिक एंट्री मी अजून पाहिलेली नाही.

उन्हाळ्याकडे वळू. उन्हाळ्याची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान पुण्याहून कोकणात उतरायला निघाला. आपण ज्या दिशेनं शनिवारी लोणावळ्याची लोकल पकडतो त्याच दिशेनं. लोहगड-विसापूरच्या बाजूनं घाट उतरून तो खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिरला. बरोबर तोफा, दारूगोळा, खजिना, सगळा संसार. खिंड अरुंद, दोन्ही बाजूंना दाट रान. पुढे मागे मराठे. परमानंदाच्या शिवभारतात त्या सैन्याची पाण्यावाचून झालेली तगमग सांगितलीय. कोंदट रान, वारा नाही, पाणी नाही. फेब्रुवारी म्हणजे कॅलेंडरवर थंडी, पण घाट उतरून कोकणाच्या बाजूला दुपारी चालून बघा, मग कळेल. रायबागन नावाची एक बाई त्या सैन्यात सरदार होती, तिनं शहाणपणाचा सल्ला दिला: शरण जा. खानानं खंडणी देऊन सुटका करून घेतली, सामान तिथेच राहिलं. माणसं हलकी होऊन परत आली म्हणायची.

माझ्या शीटमध्ये उन्हाळ्याच्या टॅबवर पहिली ओळ 'पाणी ४ लिटर' आहे आणि तिच्यावर तडजोड नाही. गडांवरची टाकी मार्चनंतर भरवशाची नाहीत. काही आटलेली, काही गाळानं भरलेली. टाकी उपसणारी माणसंच गडावर उरली नाहीत, १८१८ पासून. (त्या सालीही इंग्रजांनी सिंहगड मार्चमध्ये घेतला आणि रायगड १० मेला. पावसाच्या आत आटपायचं हे त्यांनाही पक्कं कळलं होतं.) त्यामुळे उन्हाळ्यात ओझं वाढतं आणि ते वाढूच द्यायचं. हलकं म्हणजे कमी नव्हे. इथे बरेच जण चुकतात, सॅक हलकी करायची म्हणून पाणीच काढतात आणि स्पीकर ठेवतात.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात, कारण सह्याद्रीचा हिवाळा म्हणजे मजा. कानटोपी, स्वेटर, एक चांगली बॅटरी, झालं. पण हिवाळ्याची एक गोष्ट सोडून पुढे जाता येत नाही, आणि ती आपल्याला आवडणारी नाही. कारण आत्तापर्यंत वाचून कोणाला वाटेल की मुघल जड आणि मराठे हलके, रक्तातच असतं. तसं काही नसतं. बरोबर शंभर वर्षांत पारडं फिरलं.

मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पटदुराहून उत्तरेकडे निघाले. महिना उन्हाळ्याचा. बरोबर इब्राहिमखान गारद्याचा जड तोफखाना, आणि लष्कराच्या आसऱ्यानं काशी-मथुरा होईल म्हणून निघालेले यात्रेकरू, बायका, मुलं, बाजारबुणगे. सुरजमल जाटानं सांगितलं की जड सामान आणि कुटुंबकबिला मागे ठेवा, सडे होऊन गनिमी काव्यानं लढा. मल्हारराव होळकरांचंही मत तसंच. ऐकलं गेलं नाही. यात भाऊंना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण माझं मन होत नाही. उदगीरला त्याच तोफखान्यानं विजय मिळवून दिला होता. जे गेल्या वेळी कामी आलं ते पुढच्या वेळीही भरायचं, हे आपण सगळेच करतो. आणि माणसांना 'मागे राहा' कुठे म्हणायचं, परक्या मुलखात?

मग नोव्हेंबरपासून पानिपतावर कोंडी. अडीच महिने. उन्हाळ्यात दख्खनहून निघालेलं लष्कर, आणि समोर यमुनेकाठची डिसेंबर-जानेवारीची थंडी. अब्दालीची माणसं तर थंड मुलखातूनच आलेली. रसद तुटलेली, आणि खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा कितीतरी जास्त. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते झालं. उपाशी पोटी लढले. आम्ही संक्रांतीला तिळगूळ खातो तेव्हा माझ्या मनात हटकून येतं की त्या दिवशी तिथे कोणाच्या अंगावर धड पांघरूण तरी असेल का.

असो, विषय गंभीर झाला. घोंगडीकडे येतो.

काकांची ती खोळ माझ्या डोक्यातून गेली नव्हती, म्हणून मी मागच्या वर्षी एक घोंगडी विकत घेतली. दख्खनी मेंढीची लोकर. धनगर कातरतात, सणगर विणतात, मग चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करतात. पावसाचं पाणी बराच वेळ वरून ओघळत राहतं, आणि भिजली तरी लोकर ऊब सोडत नाही. सुती कपडा भिजला की उलट अंगातली ऊब ओढून घेतो, जीन्स तर सगळ्यात वाईट. एकच वस्तू रेनकोट, पांघरूण, बसकर आणि वेळ आलीच तर ओझं बांधायचं फडकं. चार कामं करणारी एक वस्तू, हे आमच्या क्षेत्रात चांगलं डिझाइन मानत नाहीत, पण डोंगरात त्याच्यासारखं सुख नाही.

मात्र उगाच जुनं ते सोनं करत बसणार नाही. माझी घोंगडी अडीच किलोची आहे. आजची चांगली पावसाळी जाकिटं यापेक्षा कितीतरी हलकी असतात. मावळ्याकडे ती असती तर त्यानं घोंगडी घरी ठेवली असती, यात मला शंका नाही. शेतात भात लावायला पूर्वी इरलं घ्यायचे, आता प्लास्टिकचा कागद घेतात, आणि बरोबरच करतात. वाकून काम करणाऱ्याला काय सोयीचं ते त्याला कळतं, आपण शनिवारचे पाहुणे.

करपेवाडीला यंदा परत जाऊन आलो. एप्रिलमध्येच, रानात ऊन होतं, ओढा कोरडा ठणठणीत. काका भेटले, ओळखलं, चहा झाला. मी त्यांना विशाळगडहून निघालेल्या अडतीस दिवसांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, मग विचारलं, "हत्ती का आणलं हुतं?" मी म्हटलं, काका, तंबू वाहायला. "आणि तंबू कशाला? गावं हाईत की." मी गप्प. मग म्हणाले, "पावसात येतासा न्हवं? आमच्यात ऱ्हावा. भात-आमटी असतीया."

तर शीटमधून तंबू उडवलाय. स्टोव्ह, तांदूळ आणि डबेही. पावसाळ्याच्या टॅबमध्ये आता सतराच ओळी उरल्यात आणि शेवटची ओळ 'रोख पैसे, सुटे, प्लास्टिकच्या पिशवीत' अशी आहे, कारण ज्यांच्या घरी राहणार त्यांना द्यायचे असतात आणि तिथे रेंज नसते. ज्याची सॅक त्यानंच न्यायची हा नियमही घातलाय. नेता येत नसेल तर आदल्या रात्री काढून ठेवा.

काल रात्री रद्दीवाल्याकडे पुन्हा गेलो. ताणकाटा तोच. घोंगडी धरून सहा किलो दोनशे. त्यानं विचारलं, "साहेब, या खेपेला कमी?" म्हटलं, हो. शनिवारी पहाटे साडेचारला कोकणे चौक. घोंगडी भिजल्यावर किती भरते ते सोमवारी येऊन तोलतो.